प्लास्टर निघालं, हाड जुळलं, तरी बोट वळेना. अशा वेळी रबर बँड लावलेली पट्टी नेमकं काय करते?

भूम म्हटलं की आधी खवा आठवतो. धाराशिव जिल्ह्यातल्या या तालुक्यातल्या भट्ट्यांवरचा खवा लांबलांबच्या शहरांत जातो, आणि तालुक्यातल्याच कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव माहीत नसलेला माणूस आसपासच्या चार जिल्ह्यांत सापडणं अवघड.

पण खवा होतो कसा हे ज्यानं पाहिलंय त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कढईत दूध आटत असताना उलथणं थांबवता येत नाही. हात थांबला की दूध तळाला लागलं. सगळं काम मुठीचं, मनगटाचं आणि कोपराचं. बाकी तालुका शेतीवर चालतो. ज्वारी, सोयाबीन, तूर आणि दुधाची जनावरं. जनावरं आली की कडबाकुट्टी आली, सुगी आली की मळणी यंत्र आलं, आणि विळा तर रोजचाच.

म्हणजे इथं हाताला दुखापत व्हायला कारणं भरपूर आहेत आणि हात बंद पडला तर घर बंद पडतं.

आता समजा एखाद्याचं मनगट मोडलं. गाडी स्लिप झाली म्हणा किंवा गोठ्यात पाय घसरला म्हणा. बार्शीला किंवा सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं, प्लेट बसली किंवा सहा आठवडे प्लास्टर राहिलं. मग प्लास्टर निघतं, एक्स-रे होतो, हाड छान जुळलंय असं सांगितलं जातं आणि सगळे आनंदात घरी येतात.

घरी आल्यावर कळतं की मूठच वळत नाही. मनगट मागे जात नाही म्हणून भाकरी थापता येत नाही. कोपर पूर्ण वाकत नाही म्हणून घास तोंडापर्यंत पोचत नाही.

बहुतेक जण मग दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर "होईल हळूहळू" म्हणून सोडून देतात, नाहीतर कुणाकडून तरी जोर लावून हात चोळून, ओढून घेतात. पहिल्यात वेळ जातो आणि दुसऱ्यात कधी कधी सांधाच जातो. या दोन्हींच्या मधली जी वाट आहे तिच्यातलं एक साधन म्हणजे डायनॅमिक स्प्लिंट.

आधी सांधा आखडतो का, ते बघू

हाड मोडलं की दुखापत फक्त हाडाला होत नाही. सांध्याभोवती एक पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. तिच्या बाजूला अस्थिबंध असतात, वरून स्नायूंच्या दोऱ्या म्हणजे टेंडन जातात. मार लागला की या सगळ्यात सूज येते. सुजेतलं पाणी तिथंच साचून राहिलं की शरीर तिथं कोलॅजनचे धागे विणायला घेतं. जखम भरून काढायची शरीराची पद्धतच ती आहे. अडचण अशी की, हे धागे कुठं हवेत आणि कुठं नकोत हे शरीराला कळतं ते हालचालीतून. सांधा हलत असेल तर धागे ओळीत बसतात. सांधा गप्प असेल तर ते वेडेवाकडे एकमेकांना चिकटतात आणि आखूड होतात.

आणि दुखणारा सांधा माणूस आपोआप अर्धवट वाकवून ठेवतो, कारण तशा अवस्थेत दुखणं कमी असतं. कोपर पोटाशी धरलेलं, बोटं अर्धी मिटलेली. सहा आठवडे असं राहिलं की कॅप्सूल त्याच मापाची होऊन बसते.

बोटांचं तर गणित आणखी चमत्कारिक आहे. मूठ वळताना जी मोठी पेरं वर येतात, त्या सांध्यांचे बाजूचे अस्थिबंध बोट वाकलेलं असताना ताणलेले असतात आणि बोट सरळ असताना सैल. म्हणजे हे सांधे सरळ ठेवून हात बांधला तर अस्थिबंध सैल अवस्थेत आखडतात आणि नंतर मूठ वळत नाही. त्याच्या पुढचा, बोटाच्या मधला सांधा मात्र नेमका उलटा, तो वाकलेला राहिला की अडकतो. त्यामुळं हात बांधून ठेवायचाच असेल तर मोठी पेरं वाकलेली आणि पुढची बोटं सरळ अशी ठेवतात. प्रत्येक बोट फळीला सपाट बांधून टाकणं हा सोपा उपाय वाटतो, पण महाग पडतो.

मग ही पट्टी नेमकी काय करते?

साधी स्प्लिंट म्हणजे सांधा एका जागी धरून ठेवणारी पट्टी. तिचं काम हलू न देणं. डायनॅमिक स्प्लिंटमध्ये त्या पट्टीला स्प्रिंग, रबर बँड किंवा लवचिक तार जोडलेली असते. ती सांध्याला एका दिशेला सतत, हलका ओढा देते. बोट वाकलेलं अडकलं असेल तर सरळ होण्याच्या दिशेनं, सरळ अडकलं असेल तर वाकण्याच्या दिशेनं. ओढ्याच्या विरुद्ध माणूस स्वतः बोट हलवू शकतो, सोडलं की स्प्रिंग पुन्हा हळूच ओढते.

यात "हलका" हा शब्द महत्त्वाचा. बोटाच्या एका सांध्यासाठी हा ओढा साधारण १०० ते ३०० ग्रॅमचा ठेवतात. म्हणजे एका वाटीभर दुधाच्या वजनाएवढा. एवढ्याशा जोरानं आखडलेला सांधा सुटणार कसा, असं कुणालाही वाटेल.

बाजेचं उदाहरण घ्या. नवी विणलेली बाज कडक असते. त्यावर रोज रात्री कुणी झोपलं की सहा महिन्यांत सुतळी झोळ घेते. तेच काम एका दिवसात करायचं म्हणून कुणी बाजेवर उड्या मारल्या तर सुतळी तुटते, झोळ पडत नाही. कोलॅजनचंही काहीसं असंच. झटका दिला की ते फाटतं, तिथं रक्त येतं, सूज येते, शरीर आणखी धागे विणतं आणि सांधा पहिल्यापेक्षा जास्त आखडतो. हलका ओढा तासन्‌तास ठेवला की ते सैल पडतं.

खरं तर बाजेची उपमा अर्धीच बरोबर आहे, कारण सुतळी मेलेली असते आणि कॅप्सूल जिवंत. जास्त जवळची उपमा म्हणजे जुन्या बायकांच्या कानाची पाळी. वर्षानुवर्षं जड दागिना घातला की पाळी लांबते. ती फाटलेली नसते. ओढ्याला उत्तर म्हणून तिथली कातडी वाढलेली असते. हातावरच्या शस्त्रक्रियेत जगभर नाव झालेले डॉ. पॉल ब्रँड यांनी हीच गोष्ट ठासून सांगितली. ब्रँड तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करत होते. आखडलेली ऊती ताणायची नसते, तिला वाढायला लावायचं असतं, हा त्यांच्या सांगण्याचा सार. आणि वाढ व्हायला जोर लागत नाही, वेळ लागतो.

या वेळेचं मोजमापही झालंय. १९९४ मध्ये फ्लॉवर्स आणि लास्टायो या दोन थेरपिस्टनी बोटाचा मधला सांधा आखडलेल्या रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. सांधा त्याच्या हालचालीच्या टोकाला धरून प्लास्टर घातलं, एकदा तीन दिवस आणि एकदा सहा दिवस. तीन दिवसांत सरासरी ३ अंशांची सुधारणा झाली, सहा दिवसांत ५ अंशांपेक्षा थोडी जास्त. वेळ दुप्पट केली तर फायदाही जवळपास दुप्पट झाला. तेव्हापासून सांधा "टोकाला किती तास राहिला" हा हिशोब या उपचाराचा पाया धरला जातो. म्हणूनच अशी पट्टी दिवसातून दहा मिनिटं लावून उपयोग नसतो. बरेच थेरपिस्ट दिवसाला सहा तास किंवा त्याहून जास्त सांगतात, बऱ्याचदा रात्रीची झोप त्यातच धरून.

सगळ्या पट्ट्या एकाच कामाच्या नसतात

डायनॅमिक स्प्लिंटचा एक चुलतभाऊ आहे. त्यात स्प्रिंग नसते, स्क्रू असतो. ट्रॅक्टरची टॉप लिंक कशी फिरवून लांब-आखूड करतात, अगदी तसाच तो स्क्रू. रुग्ण स्वतः थोडा फिरवतो, सांधा टोकाला जातो, ओढा सुसह्य झाला की आणखी थोडा फिरवतो. याला स्टॅटिक प्रोग्रेसिव्ह स्प्लिंट म्हणतात. कोपरासाठी ही फार वापरली जाते.

दोन्हींत चांगली कोणती? यावर २०१२ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. दुखापतीनंतर कोपर आखडलेल्या ६६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं, एका गटाला स्प्रिंगची पट्टी, दुसऱ्याला स्क्रूची. वर्षभरानं दोन्ही गटांत सुधारणा दिसली आणि दोघांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे जी पट्टी रुग्ण खरोखर घालून बसेल ती चांगली.

तिसरा प्रकार पूर्णपणे वेगळ्या कामाचा. विळ्यानं बोटाच्या आतल्या बाजूची टेंडन कापली जाते, ती टाके घालून जोडतात. जोडलेली दोरी हलवली नाही तर आजूबाजूला चिकटते, आणि जोरात हलवली तर टाका तुटतो. तळहाताच्या पुढच्या भागात आणि बोटाच्या सुरुवातीला ही अडचण इतकी असायची की अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांच्या काळात त्या भागाला "नो मॅन्स लँड" म्हणायचे, तिथं टेंडन लगेच जोडूच नये असा सल्ला असायचा. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी नखाला रबर बँड बांधायची युक्ती रूढ केली. रबर बँड बोट वाकवतो, म्हणजे जोडलेल्या दोरीला स्वतः ओढायची गरज नाही. रुग्ण फक्त बोट सरळ करतो. दोरी सरकत राहते आणि टाक्यावर ताण येत नाही. आता अनेक ठिकाणी त्याहून पुढच्या पद्धती वापरतात, पण हा रबर बँड हातावरच्या शस्त्रक्रियेतला एक मोठा टप्पा होता.

चौथा प्रकार मज्जातंतूच्या इजेतला. दंडाचं हाड मोडताना कधी कधी रेडियल नर्व्ह दुखावते आणि मनगट लुळं पडून खाली लोंबतं. इथं सांधा आखडलेला नसतो, तो उचलणारा स्नायू झोपलेला असतो. मज्जातंतू जागा व्हायला काही महिने जातात. तोवर स्प्रिंगची पट्टी मनगट आणि बोटं उचलून धरते, म्हणजे माणूस वस्तू पकडू शकतो आणि सांधेही आखडत नाहीत.

महाराष्ट्रात हे आलं कसं?

यासाठी एका अमेरिकन बाईची आठवण काढावी लागते, जिचं नाव आज फलटणच्या एका शाळेमुळं लोकांना माहीत आहे. कमला निंबकर. मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण त्यांनी फिलाडेल्फियात घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. या विषयाची जागतिक संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांमध्ये भारत होता.

फिजिओथेरपी लोकांना माहीत असते, ऑक्युपेशनल थेरपी बऱ्याच जणांना नसते. साध्या शब्दांत सांगायचं तर, सांधा किती अंश वाकतो याच्या पुढचा प्रश्न इथं विचारला जातो. या माणसाला रोज काय करायचंय? धार काढायची आहे, शर्टाची बटणं लावायची आहेत की उलथणं फिरवायचंय? हातासाठी स्प्लिंट बनवणं हे या लोकांचं खास काम. गरम पाण्यात साधारण ६० ते ७५ अंशांवर मऊ होणारं प्लास्टिक ते रुग्णाच्या हातावरच आकाराला आणतात, वर तारेचा एक दांडा बसवतात आणि त्यावरून रबर बँड सोडतात. प्लास्टिक परवडत नसेल तर प्लास्टर ऑफ पॅरिस, ॲल्युमिनियमची पट्टी, अगदी पीव्हीसी पाइपही चालतो.

मुंबईचंच आणखी एक नाव घ्यायला हवं. हातावरच्या शस्त्रक्रियेतले सर्जन डॉ. बी. बी. जोशी. त्यांनी १९८० च्या दशकात एक चौकट तयार केली जी देशभर "जेस" म्हणून ओळखली जाते, म्हणजे जोशीज एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टिम. हाडातून बारीक तारा घालायच्या, बाहेर हलक्या सळ्यांना जोडायच्या आणि स्क्रूनं रोज अगदी थोडं थोडं अंतर वाढवायचं. मोडलेली बोटं धरायला ती वापरतात, वाकड्या पावलांच्या मुलांसाठी वापरतात आणि फार आखडलेले सांधे हळूहळू उघडायलाही वापरतात. तत्त्व तेच, हलका जोर आणि भरपूर वेळ. फक्त इथं ओढा कातडीवरून न देता थेट हाडाला दिला जातो. साधं सामान, कमी खर्च, म्हणून ती जिल्ह्याच्या ठिकाणीही पोचली.

किती अंश परत मिळाले म्हणजे पुरे?

सांधा शंभर टक्के पूर्वीसारखा व्हायलाच हवा असं नसतं. कोपरासाठी १९८१ मध्ये मॉरी आणि सहकाऱ्यांनी मोजलं की रोजची बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या हालचालीत भागतात. म्हणजे कोपर पूर्ण सरळ झालं नाही तरी दिवस निघतो, पण पुरेसं वाकलं नाही तर जेवणंच अडतं.

मात्र ही मोजमापं खुर्ची-टेबलाच्या घरांतली. गुडघ्याचं बघा. सपाट रस्त्यावर चालायला ६० ते ६५ अंश पुरतात, जिना चढायला ९० च्या आसपास लागतात. पण मांडी घालून पंगतीला बसायचं, उकिडवं बसून धार काढायची किंवा देशी संडास वापरायचा तर गुडघा १२० च्या पुढं वाकावा लागतो. परदेशी पुस्तकात "उत्तम निकाल" लिहिलेला गुडघा भूमच्या गोठ्यात निकामी ठरू शकतो. म्हणून थेरपिस्टला आपण काय काम करतो हे नीट सांगणं गरजेचं आहे. ते विचारतील तेव्हा "शेती" एवढंच सांगून थांबू नये.

आता धोक्याचं बोलू

गावाकडं प्लास्टर निघालं की तेल लावून मालिश करून घ्यायची पद्धत आहे. हलक्या हातानं तेल लावण्यात वाईट काही नाही. पण कोपर मोडल्यानंतर कुणी जोर लावून ते सरळ करायला गेलं, रोज ओढून मालिश केली, तर तिथल्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकतं. आधी मऊ असलेली अडचण दगडासारखी होते. मग कुठलीही पट्टी काम करत नाही, ऑपरेशन करून ते हाड काढावं लागतं. लहान मुलांच्या कोपरात हे विशेष जपावं लागतं. मुलांचं कोपर बहुतेक वेळा खेळता खेळता आपापलं सुटतं, त्याला ओढाओढीची गरज नसते.

दुसरा धोका त्याही आधीचा. मोडलेल्या हातावर बांबूच्या काड्या लावून कापड घट्ट आवळून बांधलं की आत सूज वाढते आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत स्नायू मरायला लागतात. पुढं तो हात पंजासारखा वाकडा होऊन बसतो. रिचर्ड फोकमान या जर्मन सर्जननं १८८१ मध्ये हे लिहून ठेवलं आणि त्याच्याच नावानं ही विकृती ओळखली जाते. बांधलेल्या हाताची बोटं हळूच सरळ करून बघितल्यावर असह्य कळ येत असेल, बोटं बधिर, थंड किंवा फिकी पडत असतील तर सकाळची वाट बघायची नाही. बांधलेलं सोडायचं आणि त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

आणि स्प्लिंट स्वतःही इजा करू शकते. पट्टी काढल्यावर कातडीवरचा लालपणा पंधरा-वीस मिनिटांत गेला पाहिजे. नाही गेला तर दाब जास्त आहे. पट्टी घातल्यावर ओढ जाणवावी, कळ येऊ नये. सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा सुजलेला आणि गरम वाटला तर जोर कमी करायचा, वाढवायचा नाही. अनेकांचा समज उलटा असतो, जास्त दुखलं म्हणजे जास्त काम होतंय असा. मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळं ज्यांच्या हाताला संवेदना कमी आहे त्यांना तर दुखणं कळतच नाही, पट्टीखाली जखम होऊन पिकेपर्यंत पत्ता लागत नाही. त्यांनी पट्टी काढून कातडी डोळ्यांनी तपासायची, दिवसातून अनेकदा.

ऑनलाइन काहीशे रुपयांत बोटाच्या स्प्रिंगच्या पट्ट्या मिळतात. त्या सगळ्याच वाईट नसतात. पण माप एकच आणि ओढा ठरलेला. रबर बँडची ओढ हाडाला काटकोनात असावी लागते, नाहीतर ती सांधा उघडायच्या ऐवजी तो दाबते किंवा पट्टीच सरकवते. बोट जसजसं सरळ होतं तसतसा हा कोन बदलतो, म्हणून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दांडा पुन्हा बसवावा लागतो. रबरही सैल पडतं. एकदा घेतली आणि घालून बसलं, असं हे साधन नाही.

हे सगळ्यांना लागू पडतं का?

नाही, आणि हे सांगणारे अभ्यास आहेत. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात सांधे ताणण्याच्या उपचारांवरचे ४९ अभ्यास एकत्र पाहिले गेले. लकवा, मेंदूला किंवा मणक्याला इजा अशा रुग्णांत ताण देऊन सांध्याची हालचाल म्हणण्यासारखी वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला. इतर रुग्णांतही फायदा मोठा आणि ठाम दिसला नाही. हातावर काम करणारे थेरपिस्ट म्हणतात की त्यात वेगवेगळे आजार आणि कमी तासांचे उपचार एका टोपलीत घातले गेले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण लकवा झालेल्या माणसाला महागडी स्प्रिंगची पट्टी विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला हा आढावा पुरेसा आहे.

दुखापतीनंतरच्या आखडलेल्या सांध्यात मात्र एक चाचणी बरंच सांगून जाते. सांधा टोकाला नेल्यावर हाताला काय लागतं? थोडं स्प्रिंगसारखं, रबरासारखं लागलं तर अजून वाव आहे. दगडावर आपटल्यासारखं थांबलं तर आत हाड आडवं आलंय किंवा सांधा खराब झालाय, तिथं पट्टी लावून महिने घालवण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट वेळेची. दुखापतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत धागे नवे असतात, ऐकतात. वर्षानंतर ते ऐकणं जवळपास सोडून देतात.

आणि नेमकी इथंच व्यवस्था कमी पडते. ऑपरेशनसाठी सरकारी योजना आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अनेक शस्त्रक्रिया होतात. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची ॲडिप योजना आहे, पण त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे सांधा कायमचा गेला की मदतीचा रस्ता आहे. सांधा जाऊ नये म्हणून लागणारे दोन-तीन महिने मात्र कुणाच्याच हिशोबात नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट सहसा मिळत नाही, दर आठवड्याला एसटीनं बार्शी किंवा सोलापूर करायचं तर भाड्याबरोबर दिवसाची मजुरीही बुडते, आणि तिसऱ्या फेरीनंतर माणूस जायचं बंद करतो.

त्यामुळं खेपा वाचवण्याची तयारी पहिल्याच भेटीत करावी लागते. डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्यायचं, हालचाल कोणत्या दिवसापासून सुरू करायची, कोणती हालचाल अजिबात करायची नाही, पट्टी लागणार आहे का आणि ती कोण बनवून देणार. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे का, याची चौकशी तिथंच होते. थेरपिस्ट महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडं नोंदणी असलेला आहे ना, हे बघायलाही हरकत नाही. पहिल्या दिवशी सांध्याचे अंश गोनिओमीटरनं मोजून कागदावर लिहून घ्यायचे. घरी दर आठवड्याला त्याच जागी, त्याच उजेडात हाताचा बाजूनं फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला तरी थेरपिस्टला बराच अंदाज येतो. पट्टी काढल्यावर लगेच तो सांधा स्वतः हलवायचा, कामाला लावायचा. पट्टीनं मिळवलेले अंश स्नायूंनी वापरले नाहीत तर ते दोन दिवसांत परत जातात.

नीट वापरूनही तीन-चार आठवड्यांत आकडा जागचा हलत नसेल तर पट्टीचं काम संपलं. मग सर्जन कॅप्सूल सोडवण्याचं किंवा चिकटलेली टेंडन मोकळी करण्याचं ऑपरेशन सुचवू शकतात. भुलेखाली असताना टेबलावर सांधा पूर्ण वाकतो, सरळ होतो. पण जखम पुन्हा भरणारच असते आणि शरीर पुन्हा धागे विणणारच असतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की एक-दोन दिवसांतच हालचाल सुरू करून त्या सांध्यावर पुन्हा पट्टी चढवतात, आणि तासांचा हिशोब पहिल्यापासून चालू होतो.